पहिल्या खेपेला वार पुढे होती, या वेळी मागे कशी?

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचा कागद हातात पडला की बाळाची वाढ, ठोके, पाणी हे सगळं वाचून झाल्यावर नजर एका ओळीवर अडकते. ‘प्लॅसेंटा पोस्टेरिअर, अपर सेगमेंट, ग्रेड वन.’ प्लॅसेंटा म्हणजे वार, बाळाला आईच्या रक्तातून अन्न पोचवणारा अवयव. ती गर्भपिशवीच्या मागच्या भिंतीला, वरच्या भागात आहे, असा याचा अर्थ. पहिल्या बाळाच्या वेळची फाइल घरात असेल तर ती शोधली जाते आणि तिथे चक्क ‘अँटेरिअर’, म्हणजे पुढे, असं लिहिलेलं निघतं. बाई तीच, पिशवी तीच, मग पुढची वार मागे कशी गेली? काही बिघडलंय का? आणि जरा हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न : पुढे म्हणजे मुलगी आणि मागे म्हणजे मुलगा, हे खरं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, त्याच्याकडे पुढे येऊच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की वार कुठेच गेलेली नाही. ही वारच वेगळी आहे. मागच्या खेपेची वार बाळामागोमाग पडली, तिचं काम तिथे संपलं. दर गरोदरपणात वार नव्याने तयार होते आणि तिची जागाही नव्याने ठरते.

ठरते ती फार लवकर, पाळी चुकायच्याही आधी. बीज फळतं गर्भनलिकेत. तिथून पिशवीत उतरायला त्याला चार-पाच दिवस लागतात. तोवर तो शंभर-दोनशे पेशींचा बारीकसा गोळा झालेला असतो. फलनानंतर साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान हा गोळा पिशवीच्या अस्तराला चिकटतो आणि आत शिरतो. जिथे तो रुजला, तिथेच पुढे वार धरते. सुरुवातीला त्याच्या सगळ्या बाजूंनी बारीक तंतू फुटतात. दोन-अडीच महिन्यांनंतर मोकळ्या बाजूचे तंतू झडायला लागतात आणि भिंतीकडचे दाट होत जातात. त्या दाट भागाची वार होते. नऊ महिने भरेपर्यंत ती साधारण २० ते २२ सेंटिमीटर व्यासाची, दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाची चकती झालेली असते.

आता त्या पहिल्या आठवड्यातल्या पिशवीचा आकार लक्षात घ्या. दिवस जाण्याआधी ती जेमतेम सात-आठ सेंटिमीटर लांबीची असते आणि आतून पोकळ वगैरे नसते. पुढची भिंत आणि मागची भिंत एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असतात, मध्ये फक्त एक फट. त्या फटीत उतरलेला गोळा पुढच्या अस्तराला लागला की मागच्या, हा काही मिलिमीटरचा मामला आहे. पुढे पिशवी वाढते, भिंती दूर जातात, मध्ये बाळ येतं, आणि सुरुवातीच्या त्या मिलिमीटरांचं रूपांतर अहवालातल्या दोन वेगळ्या शब्दांत होतं. त्यामुळे आधीची पुढे आणि आताची मागे, किंवा आधीची वर आणि आताची डाव्या कुशीला, यात नवल काहीच नाही. तिन्ही खेपांना एकाच जागी आली तरी त्यातही काही खास नाही.

जागेचा संबंध बाईच्या शरीराशी किती कमी असतो हे बघायचं असेल तर वेगवेगळ्या बीजांपासून झालेली जुळी बघावीत. एकच पिशवी, एकच महिना, तरी एका बाळाची वार पुढे आणि दुसऱ्याची मागे असू शकते. आयव्हीएफमध्ये, म्हणजे बीज शरीराबाहेर फळवतात त्या उपचारात, तर डॉक्टर सोनोग्राफीवर बघत बघत बारीक नळीने गर्भ पिशवीच्या वरच्या टोकापासून एक-दीड सेंटिमीटरवर सोडतात. तरीही तो तिथेच रुजेल याची खात्री नाही. पिशवीचे स्नायू त्या दिवसांतही हलक्या लाटांसारखे हलत असतात, गर्भ थोडा इकडे-तिकडे होतो. उलट आयव्हीएफच्या गरोदरपणात वार खाली येण्याचं प्रमाण थोडं जास्तच आढळतं.

मागच्या वेळी वार जिथे होती, तिथे खूण उरत नाही का? हा प्रश्न मला सगळ्यात रंजक वाटतो. वार सुटते तेव्हा तिच्या जागी चांगली तळहाताएवढी जखम राहते. अंगावर एवढी जखम झाली असती तर जन्मभराचा व्रण उरला असता. पिशवीत तो उरत नाही. जे. व्हिट्रिज विल्यम्स या अमेरिकन प्रसूतितज्ज्ञाने १९३१ साली याचा खुलासा केला. वारेच्या जागेवरून खपली धरून कातडी ओढली जावी तसं तिथे होत नाही. आजूबाजूचं आणि खालचं निरोगी अस्तर त्या जागेच्या बुडातून वाढत येतं आणि वरचा जुना भाग सुटून बाहेर पडतो. बाळंतिणीचं आठवडेच्या आठवडे जे अंगावरून जातं, त्यात हाही माल असतो. सहा आठवड्यांच्या आसपास ती जागा कोरी होते. तसं झालं नसतं तर दोन-तीन बाळंतपणांत पिशवीत रुजायला जागाच उरली नसती, असं विल्यम्स यांचं म्हणणं होतं.

म्हणजे वारेने केलेली जखम पिशवी विसरते. सुरीने केलेली विसरत नाही. सिझरचा टाका, गाठी काढल्याच्या शस्त्रक्रियेचा व्रण, वारंवार केलेलं क्युरेटिंग (पिशवी आतून खरवडणं) यांच्या खुणा भिंतीवर राहतात. दोन खेपांमधला जो संबंध खरोखर महत्त्वाचा आहे, तो इथे आहे. त्याआधी पुढे-मागेचं थोडक्यात उरकू.

वार पुढच्या भिंतीला असेल तर बाळ आणि आईच्या पोटाची कातडी यांच्यामध्ये एक जाड थर येतो. बाळाच्या लाथा आधी त्या थरावर बसतात, त्यामुळे त्या उशिरा आणि बोथट कळतात. एरवी पहिलटकरणीला हालचाल १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवू लागते, दुसऱ्या खेपेला आणखी लवकर, कधी सोळाव्या आठवड्यातही. पण दुसऱ्या खेपेला वार पुढे आली तर हा हिशेब उलटतो. ‘मागच्या वेळी तर केव्हाच फिरायला लागलं होतं’ असं म्हणत बाई काळजी करत बसते आणि बाळ आत मजेत हातपाय झाडत असतं. हातात धरायच्या डॉप्लरने ठोके शोधतानाही सिस्टरना जरा वेळ लागतो, कारण मध्ये वारेतल्या रक्ताचा फुस्स-फुस्स आवाज येत राहतो. सिझर करायची वेळ आली तर डॉक्टर वार कुठे आहे ते आधी बघून ठेवतात. याहून जास्त फरक नाही. पुढची भिंत, मागची भिंत, वरचं टोक, डावी-उजवी कूस या सगळ्या जागा वारेसाठी सारख्याच चांगल्या आहेत. पिशवीला दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांतून रक्त मिळतं आणि त्यांच्या फांद्या चहूकडे पसरलेल्या असतात.

दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. २४ आठवडे झाले तरी हालचाल कळलीच नसेल तर वार पुढे असो की मागे, डॉक्टरांना सांगायचं. आणि रोज जाणवणारी हालचाल एखाद्या दिवशी कमी झाली तर ‘माझी वार पुढे आहे ना, म्हणून असेल’ असं स्वतःला समजावत घरी बसायचं नाही. वार काल पण पुढेच होती. हालचाल काल जाणवत होती आणि आज नाही, याचं कारण वारेची जागा असू शकत नाही. त्याच दिवशी जाऊन तपासून घ्यायचं.

आता मुलगा-मुलगीचं. बाळाचं लिंग शुक्राणू बीजात शिरतो त्या क्षणी ठरतं. वारेची जागा ठरते त्यानंतर जवळपास आठवड्याने, गोळा ज्या भिंतीला लागेल त्याप्रमाणे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडणारी कुठलीही यंत्रणा शरीरात नाही. इंटरनेटवर ‘रामझी पद्धत’ या नावाने एक दावा फिरतो, की सहाव्या आठवड्यात वार उजवीकडे असली तर मुलगा, डावीकडे असली तर मुलगी. त्यात गंमत अशी, की सोनोग्राफीच्या चित्रातली उजवी-डावी बाजू यंत्र कसं धरलं आणि तपासणी पोटावरून केली की खालून, यावर बदलते. घरी बसून फोटोवर बोट ठेवणाऱ्याला बाळाची सोडा, आईची उजवी बाजूही नीट सांगता येणार नाही. महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, इथेच झाला. देशाचा कायदा १९९४ चा, तो २००३ मध्ये आणखी कडक झाला. गर्भाचं लिंग शोधलेलं नाही आणि कुणाला सांगितलेलं नाही, असं सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरला लेखी द्यावं लागतं. ‘अँटेरिअर’ किंवा ‘पोस्टेरिअर’ ही त्यातून काढलेली छुपी खूणही नाही. तो फक्त पत्ता आहे.

पुढे आहे की मागे, यापेक्षा वर आहे की खाली, हा खरा प्रश्न. अहवालात आधी तेच शोधा.

खाली असण्यात एवढं काय बिघडतं, हे कळायला पिशवीचा स्नायू समजून घ्यावा लागतो. वरचा मोठा भाग जाड स्नायूंचा असतो आणि त्यांचे तंतू एकमेकांत आडवेतिडवे विणलेले असतात. नऊ महिने भरले की पिशवीतून दर मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर तिच्या मागच्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. तेव्हा रक्त थांबवण्याचं पहिलं काम हे विणलेले स्नायू करतात. ते करकचून आवळले जातात आणि मधल्या वाहिन्या चिमटल्या जातात. बाळंतपणानंतर पोट चोळून पिशवी दगडासारखी कडक झाली का हे सिस्टर पुन्हा पुन्हा बघतात, ते याचसाठी. पिशवीचा खालचा भाग मात्र पातळ असतो, त्यात हे बळ नाही. वार तिथे असली तर सुटल्यावर रक्त आटोक्यात यायला कठीण जातं. शिवाय शेवटच्या दोन-तीन महिन्यांत हा खालचा भाग ताणला जातो, लांब होतो. वार तशी ताणली जात नाही. कड उचकटते आणि रक्तस्राव सुरू होतो. हा स्राव लालभडक असतो आणि बहुतेकदा पोटात काही दुखत नाही. दुखत नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात, तिथेच घोटाळा होतो. आणि वारेने पिशवीचं तोंडच झाकलं असेल तर बाळाला बाहेर यायला वाट नसते, तिथे सिझरला पर्याय नाही.

तरीही विसाव्या आठवड्यात ‘लो लाइंग’ वाचून रडायचं कारण नाही. त्या वेळी खाली दिसणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ जणींची वार शेवटच्या महिन्यांपर्यंत वर सरकलेली असते. शेवटपर्यंत तोंडावर राहण्याचं प्रमाण साधारण दोनशे बाळंतपणांत एक एवढंच आहे. सरकते म्हणजे ती जागेवरून उठून चालायला लागते असं नव्हे. अर्धवट फुगवलेल्या फुग्याच्या तोंडाजवळ पेनाने ठिपका काढा आणि फुगा पुरता फुगवा. ठिपका जिथल्या तिथे असतो, पण तोंडापासून लांब गेलेला दिसतो. खालचा भाग वाढल्यामुळे वारेचंही तसंच होतं. त्याच्या जोडीला, खालच्या बाजूला रक्त कमी मिळतं म्हणून वारेची ती कड हळूहळू झिजते आणि वरची बाजू जास्त जोमाने वाढते.

कागदावरचे शब्द इथे फार फसवतात. वारेची खालची कड आणि पिशवीच्या तोंडाचं आतलं टोक यांच्यातलं अंतर दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ती ‘लो लाइंग’. तोंड झाकत असेल तर ‘प्रीव्हिया’. पूर्वी याच्या एक ते चार अशा पायऱ्या सांगत, काही डॉक्टर अजूनही सांगतात. आणि अहवालात जे ‘ग्रेड टू’, ‘ग्रेड थ्री’ लिहिलेलं असतं त्याचा बहुतेक वेळा जागेशी काडीचाही संबंध नसतो. ती वार किती पिकली, तिच्यात चुन्याचे ठिपके किती दिसतात, याची शून्य ते तीन अशी वेगळीच मोजणी आहे. ३८व्या आठवड्यात ‘ग्रेड थ्री’ वाचून वार तिसऱ्या पायरीची खाली आहे असं समजून घाबरणाऱ्या बायका कमी नाहीत. आपल्याकडे हे अहवाल मराठीत का मिळू नयेत, हे मला अजून कळलेलं नाही.

आणखी एक बारकावा. ‘पाणी पिऊन, लघवी रोखून या’ असं सांगून केलेल्या तपासणीत भरलेलं मूत्राशय पिशवीच्या खालच्या भागावर दाबतं, दोन्ही भिंती एकत्र येतात आणि वार आहे त्यापेक्षा खाली दिसते. मागच्या भिंतीची वार असेल तर बाळाचं डोकं आड येतं आणि कड नीट दिसत नाही. अशा वेळी खालून, म्हणजे योनीमार्गातून सोनोग्राफी सुचवली जाते. तिला बायका भितात, ‘आतून केली आणि रक्त सुरू झालं तर?’ म्हणतात. पण यंत्राचं टोक पिशवीच्या तोंडात शिरत नाही, बाहेरच राहतं. वार खाली असली तरी ही तपासणी सुरक्षित आहे आणि अंतर मोजायला सगळ्यात भरवशाची. टाळायची असते ती बोटाने केलेली आतली तपासणी. वार कुठे आहे हे माहीत नसताना रक्तस्राव होत असलेल्या बाईची तशी तपासणी करू नये, हा प्रसूतिशास्त्रातला जुना नियम आहे. विसाव्या आठवड्यात वार खाली असेल तर ३२व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा बघतात, तेव्हाही तशीच असेल तर ३६व्याला.

मग मागच्या खेपेला वार तोंडावर होती, तर या खेपेला? पुन्हा तसं होण्याची शक्यता साधारण ४ ते ८ टक्के धरतात. म्हणजे इतरांपेक्षा बरीच जास्त, तरी शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त जणींना पुन्हा होत नाही. वय ३५ च्या पुढे, बरीच बाळंतपणं, जुळी, तंबाखू-सिगारेट, आधीचं सिझर, यांनीही ही शक्यता वाढते.

यातलं सिझर वेगळं काढून बोलायला हवं. टाका असतो पिशवीच्या पुढच्या भिंतीवर, खालच्या भागात, आडवा. पुढच्या खेपेला गर्भ नेमका तिथे रुजला तर व्रणावर निरोगी अस्तर पुरेसं नसतं. वार आणि स्नायू यांच्यात एरवी अस्तराचा जो थर असतो, तो नसल्यामुळे वार स्नायूत घुसते. बाळ झाल्यावर ती सुटत नाही. सोडवायला गेलं तर प्रचंड रक्तस्राव होतो आणि कित्येकदा पिशवीच काढावी लागते. अमेरिकेत २००६ साली छापून आलेल्या, सुमारे ३० हजार सिझरांच्या पाहणीत हे आकडे स्पष्ट दिसले. वार तोंडावर असलेल्या बायकांमध्ये ती अशी घुसून बसण्याचं प्रमाण पूर्वी सिझर झालं नसेल तर ३ टक्के, एक झालं असेल तर ११, दोन झाली असतील तर ४० आणि तीन झाली असतील तर ६१ टक्के होतं. त्याच पाहणीत वार तोंडावर नसेल तर पहिल्या दोन-तीन सिझरांपर्यंत हे प्रमाण एक टक्काही भरत नव्हतं. म्हणजे नुसता टाका तितका घातक नाही, नुसती खालची वारही नाही. दोन्ही एकाच जागी आले की गोष्ट बदलते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांमागे एक सिझर होतं, गोव्यात दर पाचांमागे जवळपास दोन. एवढ्या बायका दुसऱ्या खेपेला टाक्यासकट येतात, तेव्हा ‘अँटेरिअर’ या निरुपद्रवी शब्दाला त्यांच्यापुरता वेगळा अर्थ येतो. अँटेरिअर आणि वर, तर प्रश्नच नाही. अँटेरिअर, खाली आणि आधी सिझर, असं असेल तर जाणकाराकडून कलर डॉप्लरसह (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी) नीट तपासणी व्हायला हवी आणि बाळंतपण कुठे करायचं हे सातव्या-आठव्या महिन्यातच ठरायला हवं. रक्तपेढी हाताशी आहे, भूलतज्ज्ञ आणि बाळासाठी अतिदक्षता विभाग आहे, असंच रुग्णालय. माहेर जवळ पडतं म्हणून नव्हे. साध्या प्रीव्हियात सिझर बहुतेकदा ३६-३७ आठवड्यांत ठरवून करतात, वार घुसली असेल तर त्याच्याही थोडं आधी.

वार वर सरकावी म्हणून घरोघरी बरेच उपाय सांगतात : पायाखाली उशी, पलंगाच्या पायथ्याला विटा, तीन महिने उठायचंच नाही. पडून राहिल्याने वार वर जाते असं दाखवणारा पुरावा नाही. सतत पडून राहिल्याने पायांच्या नसांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका मात्र वाढतो. वार खाली असेपर्यंत संबंध टाळा, जड ओझी उचलू नका, लांबचे प्रवास नकोत, एवढं डॉक्टर सांगतात आणि ते पाळावं. रक्तच जास्त जाण्याची भीती असल्यामुळे हिमोग्लोबिन वाढवून ठेवणं हा त्यातल्या त्यात खरा उपयोगी उपाय. लोहाच्या गोळ्या चुकवू नका.

अंगावरून रक्त गेलं, थोडं गेलं, दुखत नसलं, आपोआप थांबलं, तरी दवाखान्यात जायचं. १०८ ला फोन लावताना वार खाली असल्याचं आधी सांगा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगा, कारण अशा रक्तस्रावानंतर अँटी-डीचं इंजेक्शन लागू शकतं. पुढच्या सोनोग्राफीला जाताना मागच्या सिझरचा कागद, त्यात टाका कसा घेतला ते लिहिलेलं असतं, तो बरोबर न्या आणि दोन गोष्टी विचारा : खालची कड तोंडापासून किती मिलिमीटरवर आहे, आणि वार जुन्या टाक्यावर येते का.